माझ्याच विटांच्या घरातला खोकला

मित्रांनो, मी एक जुनी चिमणी आहे. दाणे टिपणारी नव्हे, वीटभट्टीची. मला पंख नाहीत. नुसता उंच गळा आहे, आणि त्यात काजळी.

गवंड्यांनी मला बांधले तेव्हा भोवती मोकळे माळरान होते. माझा धूर वाऱ्यावर कुठल्या कुठे जाई. पुढे शहर वाढू लागले आणि माझ्या विटांना मागणी आली. "हिच्या जिवावर शहर उभं राहतंय!" असे मालक पाहुण्यांना सांगत, तेव्हा मी फुशारून जाई.

भट्टीवर आक्का होती. डोक्यावर विटा वाहून तिने मुलाला शिकवले. त्याने समोरच्या नव्या इमारतीत घर घेतले, तेव्हा ती हसून म्हणाली, "भिंतीत माझ्याच हातच्या विटा असतील बघा!"

बघता बघता चारही बाजूंनी इमारती आल्या. रस्त्यांवर गाड्यांची रीघ लागली, बांधकामांची धूळ उडू लागली. हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत बसून राही आणि सगळा धूर तिच्यातच अडके. समोरची इमारत मला दिसेनाशी होई, पण आक्काच्या नातीचा, चिंगीचा खोकला ऐकू येई. आक्का घाईघाईने खिडक्या लावून घेई, तेही ऐकू येई. ज्या भिंती मी भाजून दिल्या, त्यांच्याआड ती माणसे माझ्यापासूनच लपत होती. लाजेने मान खाली घालावी, तर चिमणीला तेही जमत नाही. धूर सोडत ताठ उभे राहावे लागे.

एका सकाळी आक्का चिंगीला कडेवर घेऊन भट्टीवर आली.

"मालक, काल हिला दवाखान्यात न्यावं लागलं. भट्टी बंद करा."

"आक्का, माझ्या एकट्याचा धूर आहे का? त्या गाड्या, ती बांधकामं..."

"त्यांच्याकडेही जाणार आहे. पण इथं मी राबलेय, म्हणून आधी इथं आले."

मालक काही बोलणार, तोच चिंगीला ढास लागली. त्यांनी तिला पाणी आणून दिले. मग कामगारांना हळूच म्हणाले, "ही भट्टी निवली की पुन्हा पेटवायची नाही."

त्यांनी न भाजता होणाऱ्या विटांचे काम सुरू केले. कामगार तिकडे लागले.

यंदा मी थंड आहे. तरी धूर आणि धुक्याचे धुरके आलेच. चिंगीचा खोकला कमी झाला, थांबला नाही. काल आक्का शेजारच्या बांधकामावर जाऊन मुकादमाशी भांडली. आज तिथल्या वाळूवर, धूळ उडू नये म्हणून, ओले गोणपाट दिसले.

मित्रांनो, जवळच्या ठिकाणी जायला गाडीचा हट्ट धरू नका. पालापाचोळा कुणी पेटवत असेल तर त्याला अडवा. एकदा सोडलेला धूर परत गिळता येत नाही. मी रोज तोंड उघडे ठेवून उभी असते, तरीसुद्धा.