चष्म्यातला वारस

अनंतरावांनी नोकरीतला फंड मुलगा रेणुकादास आणि लातूरला दिलेली लेक सौदामिनी यांच्या नावे निम्मा-निम्मा ठेवला होता. वडील गेल्यावर दोघं नांदेडच्या कचेरीत गेली. निजामाचं राज्य, कागद उर्दूत होते. मुनशीनं विचारलं, "वाचून दाखवू?"

रेणुकादासला तो अपमान वाटला. अंगात शेरवानी, नाकावर सोनेरी चष्मा, येताजाता 'तशरीफ रखिए', आणि वाचायला मुनशी? त्यानं ऐटीत सही ठोकली. हे सोंग सौदामिनीला पाठ होतं. स्वतःच्या नावापलीकडे त्याला उर्दूचं अक्षर येत नव्हतं.

तिनं आपला कागद मुनशीकडून वाचून घेतला. रक्कम एकदम उचलली तर चौथाई सरकारजमा. दहा वर्षं हप्त्यानं घेतली तर दमडी कापायची नाही.

"दादा, शिक्का पडायच्या आत ऐक."

"बाईमाणसानं कचेरीत तोंड घालू नये."

सही एकदम रक्कम उचलण्याच्या जागी पडली होती; त्याची चौथाई गेली. उरलेल्याची जुनी मोटार घेतली, तीही वर्षात भंगारात गेली. मग स्वारी लातूरला आली, तीच शेरवानी घालून.

"तुझ्या हप्त्यातले थोडे दे की."

सौदामिनीनं तोच उर्दू कागद पुढं सरकवला. "देते की. आधी एवढं वाचून दाखव."

त्यानं कागद घेतला, बराच वेळ पाहिला.

"चष्मा नांदेडलाच राहिला गं."

चष्मा नाकावरच होता.