हवावाल्याची खुर्ची

"काका, तुम्ही रहिवासी की व्यावसायिक?" पालिकेच्या बाईंनी त्याला सभागृहाच्या दारातच अडवलं. आत डावीकडे रहिवाशांच्या खुर्च्या होत्या, उजवीकडे दुकानदारांच्या.

"खाली दुकान, वर घर," तो म्हणाला. "मधे जिना आहे. जिन्यावर बसू का?"

हशा पिकला. बाईही हसल्या, पण त्यांनी त्याला उजवीकडे धाडलं आणि मागून आलेल्या त्याच्या बायकोला डावीकडे.

पंक्चर काढायचा, हवा भरायचा, म्हणून सगळे त्याला हवावाला म्हणत. लग्न होऊन दोघं या गल्लीत आली तेव्हा इथे सायकली होत्या. मग स्कूटर आल्या, मोटारी आल्या, आणि बाहेरचा मोठा रस्ता तुंबला की सगळा लोंढा या गल्लीत घुसू लागला. चाकं वाढली तशी त्याची चूल निर्धास्त झाली.

पण त्याच चाकांच्या पलीकडे, समोरच्या इमारतीत, बायकोची थोरली बहीण अंथरुणाला खिळून होती. बायको सकाळ-संध्याकाळ तिचा डबा घेऊन जाई. जाई कसली, पळत सुटे. एका हातात डबा, दुसऱ्या मुठीत जीव. कुठे करकचून ब्रेक लागला की इकडे त्याचे हात थांबत. ती पलीकडच्या पायरीवर दिसली की पुन्हा चालू होत. परत आली की ती दारातून हाक देई, "आले हो, अख्खी!" दोघं हसत. रोज तोच विनोद, आणि रोज तो ऐकेपर्यंत त्याचे कान दाराकडे.

बाईंनी भिंतीवर नकाशा लावला. गल्लीची दोन्ही तोंडं वाहनांना बंद. चालणाऱ्यांना, सायकलींना, अँब्युलन्सला मोकळी. दुकानांचा माल सकाळी लवकर उतरवायचा. काही महिने करून बघायचं, जमलं तर ठेवायचं.

"आणि आम्ही काय माश्या मारायच्या?" किराणावाला उसळला. मग हवावाल्याकडे वळून, "तू रे? हवा कुणाला भरणार? फुग्यांना?"

दुकानदार खो-खो हसले. हवावालाही हसला. पण किराणावाल्याचं खरं होतं. किराणा पायी येणाराही घेतो. पायी येणाऱ्याला पंक्चर होत नाही.

"आम्ही सगळे दुकानदार नाही म्हणतोय," किराणावाल्यानं जाहीर केलं. "एकमुखानं."

बाईंचा चेहरा उतरला. "तुमच्यातलं एकही दुकान सोबत नसेल, तर मला हे इथेच गुंडाळावं लागेल."

तेवढ्यात डावीकडून त्याची बायको उभी राहिली. घरी तिनं याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

"मला कुणाचं दुकान बुडवायचं नाही हो. त्यातलं एक माझंच आहे. पण बहिणीकडे मला चालत जायचंय. मागे चोर लागल्यासारखं पळत नाही."

एवढं बोलून ती बसली. त्याच्याकडे तिनं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते मागणं झालं असतं.

तो उठला. स्वतःची खुर्ची उचलली आणि मधली मोकळी जागा ओलांडून चालू लागला.

"फुटला!" किराणावाला ओरडला. "अरे, हवावाला फुटला!"

"फुटलो नाही रे, पंक्चर आहे," तो मागे न बघता म्हणाला. "ते मला काढता येतं."

बायकोशेजारी त्यानं खुर्ची टेकवली. ती कुजबुजली, "अहो, आणि आपलं कसं व्हायचं?"

"आधी सरक जरा. खुर्ची मावत नाहीये."

पुढच्याच महिन्यात गल्लीच्या दोन्ही तोंडांना भल्यामोठ्या कुंड्या आल्या. पहिल्या सकाळी त्यानं नेहमीसारखं दुकान उघडलं, टाकीत हवा भरून ठेवली, स्टूल पुढे ओढलं. रस्ता रिकामा. इतका शांत, की समोरच्या खिडकीतून मेहुणीचं खोकणं ऐकू आलं. इतकी वर्षं ती अशी खोकत होती, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

बायको डबा घेऊन उतरली. पायरीवर थांबून तिनं दोन्हीकडे पाहिलं. मग खाली पाऊल टाकलं आणि चालू लागली.

त्यानं तिला या रस्त्यावर पळतानाच पाहिलं होतं. पळणाऱ्या माणसाचं वय दिसत नाही. आज दिसलं. डावं पाऊल किंचित ओढत होती. एक खांदा खाली आला होता. मध्यावर पोचल्यावर ती डबा या हातातून त्या हातात घ्यायला थांबली, आणि तशीच उभी राहून तिनं श्वास घेतला. हे सगळं कधी झालं? कुणाच्या टायरवर वाकलेलो होतो आपण तेव्हा?

हाक मारून डबा मागावा, असं त्याला वाटलं. मारली नाही. स्वतःच्या अंगणातून चालावं तशी ती चालली होती.

तिला घाई नव्हती. त्यालाही काही काम नव्हतं. तो स्टुलावरून उठला आणि ती पलीकडचा जिना चढून दिसेनाशी होईपर्यंत दारात उभा राहिला.