विसरला की विसरली

सिंगापूरमधल्या पाया लेबारच्या ऑफिसात हंगेरियन आणि पोलिश दोन्ही येणारी क्षिप्रा एकटीच. बुडापेस्टला शिकलेली, मग वॉर्सात नोकरी केलेली. युरोपातली कुठलीही भानगड दुभाषी म्हणून तिच्याकडेच यायची.

त्या दुपारी व्हिडिओ कॉलवर चौकशी होती. पोलंडमधल्या गोदामात शीतगृहाचं दार उघडं राहिलं आणि लसी वाया गेल्या. ते घडताना पाहणारा झोल्तान हंगेरियन, गोदामाचे प्रमुख पावेल पोलिश. कॉल सुरू होण्याआधीच पावेल करवादले होते, "ती दोरोताच असणार. कायम तंद्रीत असते."

झोल्तान म्हणाला, "पाळीतलं कुणीतरी फोनवर बोलत बाहेर आलं. दार लावायला एल्फेलेय्तेत्ते."

विसरला की विसरली? हंगेरियन क्रियापदाचा प्रत्यय ते सांगतच नाही. पोलिशला मात्र मराठीसारखंच ठरवावं लागतं. पुरुष असेल तर झापोम्न्याउ, बाई असेल तर झापोम्न्यावा. "कोण?" एवढंच विचारायचं होतं. पण क्षिप्राच्या तोंडून झापोम्न्यावा निघून गेलं. त्या पाळीत बाई एकच होती, दोरोता, त्यामुळे पावेलनी पुढे काही विचारलंच नाही.

"काय फास्ट करतेस गं!" कॉल संपल्यावर साहेब म्हणाले. क्षिप्रा हसली. आत काहीतरी टोचत होतं, तरी हसली.

संध्याकाळी तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये नूडल्स तशाच गार झाल्या. नवऱ्यानं, अभयनं विचारलं, "बरं नाही का?"

"मी आज अंदाजानं बोलले रे."

"मग सांगून टाक ना त्यांना."

"खरंच दोरोता असेल तर? उगाच माझंच हसं व्हायचं."

दुसऱ्या दिवशी झोल्तानचा फोन आला. "दोरोताला का काढलं? मी तर टोमाशला पाहिलं होतं. नाव कुणी विचारलंच नाही मला."

क्षिप्रानं तिथल्या तिथे पावेलना फोन लावला. "झोल्ताननं बाई म्हटलंच नव्हतं. ते मी घातलं. काल मला शंका आली होती, तरी गप्प बसले."

पावेल म्हणाले, "परत बोलावतो तिला."

दोरोताचा नंबर क्षिप्रानं झोल्तानकडून मागून घेतला. माफी मागितली. दोरोतानं शांतपणे ऐकून घेतलं.

"मला कधी पाहिलंय तुम्ही?"

"नाही."

"मग मीच कशी आले तुमच्या तोंडात?"

पावेलचं नाव क्षिप्राच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं. शब्द तर तिनंच उच्चारला होता.

"माझ्या मुलीसमोर सामान आवरून आणलं मी," दोरोता म्हणाली. "तिथे आता पाऊल टाकायची नाही."

फोन बंद झाला. साहेब पुढच्या कॉलला बोलवायला आले, तेव्हा क्षिप्रा खुर्चीतच बसून होती.

"साहेब, आज मला नाही जमणार," ती म्हणाली. "काल काय झालं ते आधी ऐका."