तहकूब मॅच

कमलाकर सबनीस लेकीकडे लंडनच्या एजवेअर भागात सहा महिन्यांसाठी आले आणि दुसऱ्याच रविवारी कंटाळून, मफलर गुंडाळून मैदानाकडे निघाले. पुण्यात बावीस वर्षं सोसायटीचं सेक्रेटरीपद केलेला माणूस. कुठे चार जण हुज्जत घालताना दिसले की पाय आपोआप तिकडे वळायचे.

मैदानावर हुज्जत जोरातच चालली होती. आयरिश फुटबॉलची मॅच होती आणि ती सुरूच होत नव्हती.

"आमचे अकरा, त्यांचे नऊ," क्लबचा सेक्रेटरी डोनल रडवेल्या आवाजात म्हणाला. "दोन्हीकडे निदान तेरा-तेरा लागतात. पोरं सगळी आयर्लंडला परत गेली, तिकडे आता बांधकामं जोरात आहेत. आज मॅच रद्द झाली तर क्लब लीगमधून बाद!"

"म्हणजे कोरम नाही," कमलाकर म्हणाले. किती दिवसांनी त्यांच्या अंगात जीव आला. "सोपं आहे. मॅच तहकूब करा. अर्ध्या तासाने याच जागी पुन्हा भरवा. तहकूब सभेला कोरम लागत नाही."

"कुठल्या नियमात?" रेफरीने विचारलं.

"महाराष्ट्राच्या."

रेफरी तीन बस बदलून आला होता; शिट्टी न वाजवता घरी जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. "लिहून द्या," तो म्हणाला.

कमलाकरांनी नोटीस लिहून गोलपोस्टला चिकटवली. वीस धिप्पाड गडी अर्धा तास रिमझिमीत गप्प उभे राहिले. एकाने चेंडूला पाय लावताच कमलाकर ओरडले, "तहकुबीत कामकाज नको!"

मग मॅच सुरू झाली. पाचव्या मिनिटाला कमलाकर मैदानात शिरले. मागच्या मॅचचं इतिवृत्त मंजूर करायचं राहिलं होतं.

"अनुकूल असतील त्यांनी हात वर करा."

एकोणीस हात वर गेले. विसावा गडी प्रतिकूल होता. त्याने मोकळ्या मैदानातून चेंडू पळवला आणि गोल ठोकला.

"विषयपत्रिकेत नव्हता," कमलाकरांनी निर्णय दिला. रेफरीने मान डोलावली.

आठवड्याने लीगचं पत्र आलं: असला काही नियम नाही, मॅच रद्द, पण शेवटची संधी म्हणून येत्या रविवारी पुन्हा खेळा. डोनल खचलाच. कमलाकर मात्र मेंटेनन्स थकवणाऱ्यांकडे जायचे त्याच थाटात शेजारच्या डॉ. श्रीकांत मराठे यांच्या दारात उभे राहिले.

"अहो काका, माझा ऑफ आहे. झोपू द्या ना."

"उभं राहूनच झोपायचंय. तिकडे बारावा लागतोय."

"आणि तेरावा?"

"मी."

"बाबा, वय काय तुमचं!" मागून आलेली त्यांची लेक आसावरी किंचाळली.

"अडुसष्ट. नियमात कमाल मर्यादा नाही, मी वाचलंय."

रविवारी समोरचे कुठूनतरी सोळा जण घेऊन आले. डॉ. श्रीकांत क्रिकेटचे पॅड बांधून आले आणि कोपऱ्यात खरंच पेंगले. कमलाकर स्वेटरवर हिरवी जर्सी चढवून गोलमध्ये उभे राहिले. एकोणीस गोल खाल्ले, एक छातीवर झेलला आणि त्या एकाबद्दल डोनलने सगळ्यांसमोर त्यांना मिठी मारली.

क्लब लीगमध्ये राहिला, अगदी तळाला. बरगडीला शेक घेताना कमलाकर आसावरीला म्हणाले, "व्हिसा वाढवायला काय काय कागद लागतात गं?"