सरळ वाटेचे मैल

“म्हणजे मी विमानात बसलेच नव्हते, असं म्हणणं आहे तुमचं?”

काउंटरवरच्या मुलीने पडद्यावरची नजर वर केली. समोर मास्तरीण उभी होती. खुर्ची रिकामी होती, बसा म्हणून दोनदा सांगून झालं होतं, पण भांडायचं ते उभ्याने, हा मास्तरणीचा शिरस्ता. मागे तिचा थोरला मुलगा, भिंतीवरचं विमानाचं चित्र जन्मात पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा, तिकडे तोंड करून उभा होता.

“तसं नाही, आजी. प्रवास तुम्ही केलात. पण आमच्या विमानाने नाही केलात.”

“आजी मी माझ्या नातवंडांची. आणि तुमच्या विमानाने का नाही केला? मी रुसून उतरले होते का मधेच?”

“त्या दिवशी आमचं विमान रद्द झालं होतं. यंत्रात बिघाड होता.”

“मग? मी बिघडवलं? तिकीट तुमचं, सरळ घरी आणून सोडणार म्हणून काढलेलं. तुमच्याच माणसाने मला दुसऱ्या कंपनीच्या विमानात नेऊन बसवलं. त्यांनी भलत्याच गावी उतरवलं. तिथल्या लोखंडी बाकावर पाच तास. मग आणखी एक विमान. घरी पोचले तेव्हा गुडघे असे आखडले होते की रिक्षावाल्याने उचलून ठेवलं मला, सामान ठेवावं तशी. आणि आता म्हणता, मैल जमा नाहीत.”

“दुसऱ्या कंपनीच्या प्रवासाचे मैल आपोआप जमा होत नाहीत ना.”

मास्तरणीने पिशवी काउंटरवर ठेवली. थोरल्याने डोळे मिटले. पिशवी खाली ठेवली की आईचे दोन्ही हात मोकळे होतात, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.

“हे बघ, मुली. तू माझ्याकडे ड्रेस शिवायला टाकलास. मला आला ताप. मी तो शेजारणीकडून शिवून घेतला आणि तुला दिला. तर तू गिऱ्हाईक कुणाचं?”

मुलगी जराशी हसली. “तुमचंच.”

“आणि ड्रेस उसवला तर शिव्या कुणाला देशील?”

“तुम्हालाच.”

“मग? शिव्या माझ्या, तर गिऱ्हाईकही माझंच. जा, आत कोण मोठा बसलाय त्याला सांग हे.”

मुलगी खरंच उठून आत गेली. थोरला पुढे झाला. “आई, हळू बोल की जरा.”

“हळू बोलून कधी कुणी ऐकलंय?”

मास्तरीण हे काही तिचं नाव नव्हे. तिसरी इयत्तासुद्धा धड पुरी न केलेल्या या बाईला सगळी गल्ली मास्तरीण म्हणे, ते तिच्या कात्रीमुळे, शिंप्याला मास्तर म्हणतात तसं. सदतीस वर्षं तिने तीन शाळांचे गणवेश शिवले. माप घेताना टेप लावायची ती केवळ गिऱ्हाइकाचं समाधान म्हणून. नजरेनेच तिला खांदा कळे. शाळेतल्या खऱ्या मास्तरांच्या पँटसुद्धा तिच्याच मशीनखालून गेलेल्या, त्यामुळे कुणाचं पोट कोणत्या साली सुटलं हे तिला तोंडपाठ होतं आणि ते ती चारचौघांत सांगायचीही.

लेक दूरच्या शहरात नर्स. तिची दोन बाळंतपणं, जावयाचं पोटाचं ऑपरेशन, नातीचा मोडलेला हात, अशी कारणं अकरा वर्षांत येत गेली आणि मास्तरीण विमानाने जात-येत राहिली. तिकीट प्रत्येक वेळी शिलाईच्या पैशांतून, स्वतःचं स्वतः. पहिल्याच वेळी थोरल्याने तिच्या नावाचं ते कार्ड काढून दिलं होतं. जेवढं उडशील तेवढे मैल जमतील, पुरेसे साठले की एक तिकीट फुकट. “मला फुकटचं नको,” ती म्हणाली होती. “फुकट नाही गं, तूच कमावलेलं असतं ते,” असं त्याने समजावलं, तेव्हा कुठे तिने कार्ड पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवलं.

मुलगी परत आली. “साहेब म्हणतात, होईल. आम्हीच तुमचा मार्ग बदलला, त्यामुळे मूळ सरळ मार्गाचे जेवढे मैल होते तेवढे देता येतात. चौदाशे वीस. पण दोन्ही विमानांचे बोर्डिंग पास लागतील. फाडून तुमच्याकडे उरलेले तुकडे. ते आहेत ना?”

“असतील की. मी काही टाकत नाही.”

“तीस तारखेच्या आत आणा मात्र. एक तारखेपासून नवी योजना आहे. जुने मैल सगळे रद्द होतील.”

तीस तारखेला पाच दिवस होते.

घरी आल्यावर शोध सुरू झाला. पिशवीचे कप्पे उलटे केले. कपाट उपसलं. प्रवासात नेलेल्या बॅगेचं अस्तर मास्तरणीने स्वतःच्या हाताने उसवलं आणि काही न सापडल्यावर त्याच बैठकीत पुन्हा शिवलं. चिंध्यांच्या गाठोड्यातून दहा वर्षांपूर्वीच्या गणवेशाचा खिसा निघाला, मेलेल्या नवऱ्याच्या चष्म्याची काडी निघाली. पास काही निघाले नाहीत.

“आई,” तिसऱ्या दिवशी सूनबाई गुडघ्यावर बसून पलंगाखाली डोकावत म्हणाली, “तुम्ही कापडाचा तुकडा टाकत नाही आणि कागदाचा ठेवत नाही. पास कापडाचे असते तर एव्हाना सापडले असते.”

“तोंड फार चालायला लागलंय तुझं.”

“तुमच्याच हाताखाली शिकले.”

“मग शिलाई का नाही शिकलीस?”

थोरला कामावरून आला तेव्हा दोघी पलंगाच्या दोन बाजूंना धूळ खात बसल्या होत्या. तो म्हणाला, “आई, अठ्ठावीस हजार सातशे आहेत. मामाकडे दोन्ही बाजूंना तीस लागतात, कबूल. पण एका बाजूला पंधराच लागतात. जायचं तुझ्या मैलांवर जा. यायचं तिकीट मी काढतो. विषय संपला.”

“तुझा संपला असेल. मी शब्द दिलाय, अर्धा नाही दिला.”

शब्द दिला होता धाकट्या भावाला, एकोणीस वर्षांपूर्वी.

आई गेली तेव्हा मास्तरीण सोळाची होती आणि धाकटा सहाचा. आईचं पायाचं मशीन हिच्याकडे आलं आणि मशीनबरोबर धाकटाही. ती शिवायला बसली की तो शेजारी येऊन उभा राहायचा. “ताई, मी काय करू?” ती म्हणायची, सुई ओव. त्याची नजर अशी की खिडकीच्या उजेडात सुई धरली न धरली तोच दोरा पार. दिवसभर तो तिच्या सुया ओवायचा आणि रात्री अभ्यास करायचा. शिकला, मोठा झाला, समुद्रापलीकडे नोकरीला गेला, तिथलाच झाला. त्याचं तिला कौतुकच होतं. पण तिचा नवरा एका सकाळी चहा पिता पिता गेला, तेव्हा धाकटा आला नाही. कामातून सुटका नव्हती म्हणे. आठव्या दिवशी त्याचं पैशांचं जाडजूड पाकीट आलं. ते तिने आलेल्या पोस्टमनच्याच हाती परत दिलं आणि फोनवर म्हणाली, “मला माणूस हवं होतं, धाकट्या. पाकीट आलं.”

नंतर तो दोनदा येऊन गेला. तिने जेवू घातलं, अंथरूण घातलं, बोलली मात्र मोजून. त्याने आपल्याकडे यायची तिकिटं पाठवली, तीही दोनदा. दोन्ही वेळा परत गेली. “तुझ्याकडे येईन तर माझ्या जोरावर येईन आणि परत फिरेन तीही माझ्या जोरावर. तुझी पै नको.” बोलून गेली. बोललेलं मागे घ्यायची सवय नव्हती.

दोन महिन्यांपूर्वी धाकट्याच्या मुलीचा फोन आला. “आत्या, बाबांचा उजवा डोळा गेला. डाव्यानेही धूसर दिसतं आता. डॉक्टर नक्की काही सांगत नाहीत. बाबा तुम्हाला या म्हणणार नाहीत. मी म्हणतेय. त्यांना दिसतंय तोवर या.”

त्या दिवसापासून मास्तरीण मैल मोजत होती.

अठ्ठावीस तारखेला दुपारी तिने शोधाशोध बंद केली आणि मशीनवर बसली. एका शाळेचे बारा शर्ट अडून राहिले होते. पहिल्या शर्टाची बाही लावली, दुसऱ्याची लावली. हात चालत होते, पाय चालत होते, डोक्यात धाकट्याचं घर होतं, जे तिने फक्त फोटोत पाहिलं होतं. तिसऱ्या शर्टाची कॉलर अर्ध्यावर आली आणि तिचे पाय थांबले.

मशीन हलत नव्हतं.

खोलीच्या त्या कोपऱ्यातली फरशी खचलेली. मशीनचा एक पाय तिथे अधांतरी राहायचा, म्हणून त्याखाली कागदाची घडी. पायाच्या दणक्याने चार-सहा महिन्यांत घडी दबायची, मशीन डगडगायला लागायचं, मग नवी घडी. या खेपेला लेकीकडे निघायच्या आदल्या दिवशी ते इतकं डगडगत होतं की टीप वाकडी जात होती. आता मात्र दगडासारखं उभं.

“अगं ए!” तिने हाक मारली. “इकडे ये. हे टोक उचल.”

सूनबाईने मशीन उचलून धरलं. मास्तरीण खाली बसली, खाली बसायला तिला बराच वेळ लागला, आणि तिने पायाखालचा थर नखाने सुटा केला. सगळ्यात वर दोन ताजे तुकडे होते. विमानाचा कागद जाड, गुळगुळीत. परत आल्या आल्या तिने पिशवीतून काढला असणार आणि हाताच्या सवयीने सरकवला असणार. खाली आणखी होते. नातीच्या हाताच्या वेळचा. जावयाच्या ऑपरेशनचा. अक्षरं पुसून गेलेले, तेलाने पिवळे पडलेले, एकमेकांना चिकटलेले. अकरा वर्षांचा सगळा प्रवास त्या पायाखाली दबून बसला होता.

“आई,” सूनबाई धापा टाकत म्हणाली, “मी हे अजून किती वेळ धरून उभी राहू?”

“ठेव. आणि चहा टाक. चांगला टाक, नेहमीसारखा नको.”

दुसऱ्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने ते दोन तुकडे हातात घेतले आणि उजेडात धरले. मधोमध मशीनच्या पायाचा गोल ठसा उमटला होता.

“यांच्यावरून काय गेलं?”

“चाळीस शर्ट.”

नंबर मात्र वाचता येत होते. मुलीने ते घातले, आत जाऊन साहेबांची सही आणली आणि पडदा मास्तरणीकडे वळवला. तीस हजार एकशे वीस. मास्तरणीने तो आकडा बोटाने हवेत गिरवून पाहिला. मग पहिल्यांदाच खुर्चीवर बसली.

“दोन्ही बाजूंचं काढू ना?”

“थांब. आधी त्याला सांगते.”

थोरल्याने फोन लावून दिला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजली. मग काहीतरी आपटल्याचा आवाज, मग धाकट्याचा.

“ताई? आज कशी काय?”

“येतेय मी. पुढच्या महिन्यात.”

तो काही विचारायच्या आत तिनेच पुढे रेटलं. “जायचं माझं, यायचं माझं. विमानवाल्यांशी भांडून मिळवलंय. तुझ्याकडून काही लागत नाही.”

“बरं केलंस,” तो म्हणाला. “विमानतळावर मी येतो, असं म्हणणार होतो. पण गाडी नाही चालवत आता. पोरगी येईल तुला न्यायला.”

“येऊ दे.”

“स्वयंपाकही तीच करते. मला गॅसजवळ जाऊ देत नाही.”

“बरोबर करते.”

मग धाकट्याने विचारलं, तक्रार नव्हती, साधंच विचारलं. “मग मी काय करू, ताई?”

मास्तरणीने फोन कानापासून जरासा दूर केला. समोरची मुलगी कळफलकावर बोटं ठेवून थांबली होती. थोरला पुन्हा भिंतीवरच्या विमानाकडे पाहत होता. मास्तरणीने पदराचं टोक दोन बोटांत धरून चोळलं, कापडाचा कस पाहतात तसं, आणि फोन कानाला लावला.

“ऐक. यायचं तिकीट तू काढ.”

“काय?”

“कान पण गेले का? माझं परतीचं तिकीट तू काढ म्हणतेय. तुझ्या पैशाने. खिडकीजवळचं बघून काढ, मला बाहेर बघायला आवडतं. आणि तारीख जरा लांबची टाक.”

पलीकडे खुर्ची सरकवून तो उठल्याचा आवाज आला. “काढतो. आजच काढतो.”

“पोरीकडून तारीख तपासून घे. भलत्याच दिवसाचं काढशील.”

तिने फोन थोरल्याच्या हातात दिला. “फक्त जायचं काढ,” ती मुलीला म्हणाली.

“पण मैल आहेत की! आणि उरलेले परवा रद्द होतील, आजी. पंधरा हजार. एवढं भांडलात त्यांच्यासाठी.”

“भांडले, कारण माझे होते. माझे आहेत म्हणूनच सोडतेय.”

या वेळी आजी म्हटल्याबद्दल ती काही बोलली नाही. मुलीने तिकीट काढलं, छापलं, पाकिटात घालून दिलं. ते दोन चुरगळलेले तुकडे तिने बाजूच्या टोपलीकडे नेले.

“अगं, ते टाकू नको,” मास्तरणीने हात पुढे केला. “इकडे दे. मशीन हलतंय घरी.”