पांढऱ्या पाठीची पानं

कन्नडच्या घाटात वारा सुटला की एक झाड अचानक पांढरं होतं. पानं वरून गर्द हिरवी, पाठीमागून दुधाळ, लोकरीसारखी मऊ. झुळूक त्यांना उलटवते आणि क्षणभर वाटतं, उन्हात कुणीतरी पदर झटकला. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं पांढऱ्या लुगड्यातली आत्या उभी राहते.

ते वांग्याच्या कुळातलं रानझाड, हे मला कॉलेजात कळलं. आत्याच्या लेखी ते मोळी टेकवायच्या जागेवरचं झाड. जांभळ्या चांदण्यांची फुलं सरली की लालबुंद फळांचे घोस लटकत; ते पाखरांचे, आपण हात लावायचा नाही, असा तिचा दंडक. पानं मात्र ती माझ्यासाठी आणायची. त्या मऊ पाठीनं माझी पाटी पुसली जायची. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर, हे मी मान ताठ ठेवून सांगते. त्या पदवीच्या तळाशी एका रानपानाचा ओलसर, कडवट गंध आहे, हेही तितक्याच ताठ मानेनं.

मला वाढवलं तिनंच. म्हणून शहरात क्रांती चौकाजवळ तळमजल्यावर घर घेतलं, तेव्हा एवढीच इच्छा होती की तिनं आता इथंच राहावं. लई विनवण्यांनंतर ती आली, घाटातल्या त्या झाडाखाली पाखरांनी पाडलेली मूठभर फळं पदराच्या गाठीत बांधून. मागच्या अंगणात तिनं गाठ सोडली, बी कुंडीत पेरलं, पदर झटकला आणि म्हणाली, “हे लागलं तर ऱ्हाईन. नाय लागलं तर मला एसटीत बसवून दे.”

ते दिवस धुक्यातून पाहिल्यासारखे आठवतात. बाहेर गाड्यांचा कल्लोळ, आणि कुंडीशी बसलेल्या आत्याभोवती घाटातली निवांत सावली. परीक्षेच्या निकालाची वाटही मी कधी इतकी पाहिली नव्हती. बोटानं माती उकरायला गेले की ती हसायची. उघडं पाडू नको, लाजंल ते, म्हणायची.

कुंडी मुकीच राहिली. दुसरं बी आणू म्हटलं, तर म्हणाली, बोली म्हणजे बोली. मीच तिला कन्नडच्या गाडीत बसवलं. खिडकीतून ती सांगत होती, शहरात वाईट काही नाही, फक्त इथला वारा पानं उलटी करत नाही.

पुढच्या वर्षी अंगणातल्या भिंतीच्या भेगेतून, तिनं पदर झटकला होता तिथंच, दोन पानं वर आली. बोटानं उलटून पाहिली. पांढरी. तशीच आत जाऊन फोन लावला.

“आत्या, लागलं गं.”

पलीकडं घाटातला वारा ऐकू येत होता. ती म्हणाली, “म्हंजी ऱ्हायलेच की मी तिथं.”

ती काही परत आली नाही. झाड आता माझ्या खांद्याला लागतं. आमच्या गल्लीत वारा क्वचितच वळतो. वळला की मी हातातलं काम टाकून दारात येते, आणि हिरव्याचं पांढरं होईपर्यंतच्या त्या निमिषात जाणवतं, माणूस असतं एका गावी, आणि त्याचं राहणं दुसऱ्याच गावी हळूहळू उंच होत असतं.