बजावलं होतं

माझी लेक गेली त्याला वर्ष होऊन गेलं. तिला गोळी लागली ती माझ्या सख्ख्या भाच्याच्या हातून. तो तेव्हा सहा वर्षांचा होता. मी हे असं सरळ सांगून टाकते, कारण बाकीचे लोक इतके आढेवेढे घेतात की शेवटी मलाच त्यांची कीव येते.

पिस्तूल माझ्या धाकट्या भावाचं. त्याचं दागिन्यांचं छोटं दुकान आहे. एकदा दुकानात चोर शिरले, तेव्हापासून त्याने धसका घेतला आणि रीतसर परवाना काढून पिस्तूल घेतलं. रात्री ते घरी आणायचं, त्यातली गोळ्यांची मॅगझिन काढून खणात टाकायची आणि पिस्तूल कपाटात स्वेटरांच्या मागे ठेवायचं, हा त्याचा बंदोबस्त. मॅगझिन काढली की पिस्तूल रिकामं, अशी त्याची पक्की समजूत. नळीत एक गोळी आधीच चढलेली राहू शकते, हे त्याच्या गावीही नव्हतं. त्या दिवशी दुकानाला सुट्टी होती, आणि नळीत गोळी तशीच राहिली होती. पोरं लपाछपी खेळत होती. माझा भाचा टिल्लू कपाटात लपायला गेला आणि पिस्तूल त्याच्या हाताला लागलं. खेळणं समजून त्याने ते माझ्या बडबड्या लेकीवर रोखलं. ती हसत होती, असं तोच नंतर सांगत होता.

मी पिस्तूल बनवणाऱ्या कंपनीवर दावा लावला. आमच्या वकीलबाईंनी मला एकदा कागदावर चित्र काढून समजावलं होतं. मॅगझिन बाहेर असेल तर चाप ओढला तरी गोळी सुटू नये, असा एक बारीकसा भाग पिस्तुलात बसवता येतो. याच कंपनीच्या महागड्या पिस्तुलांत तो असतो, या स्वस्तातल्या पिस्तुलात नव्हता. ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सोफ्यांची कव्हरं शिवते. स्वस्तातल्या कव्हराला मी चेन लावली नाही, तर फार तर गिऱ्हाईक चार शब्द ऐकवून जाईल. कोणाचं मूल मरणार नाही.

आमची बाजू भक्कम होती, आणि ती उभी होती भावाच्या जबाबावर. मॅगझिन वेगळी ठेवली होती, आणि पोराला शंभरदा बजावलं होतं की याला हात लावायचा नाही, असं त्याने पोलिसांना लिहून दिलं होतं. त्यामुळे त्याच्यावरचा निष्काळजीपणाचा खटलाही ढिला पडला. वकीलबाई खूश होत्या. "एवढ्या सावध माणसाच्या घरातसुद्धा हे घडलं, म्हणजे दोष वस्तूतच आहे," त्या म्हणायच्या. कंपनीचा वकील मात्र गोड बोलून केसाने गळा कापणारा निघाला. त्याने तोच जबाब उचलला. वडलांनी इतकं बजावूनही मूल ऐकत नसेल, तर त्यात कंपनी काय करणार? आता मुलालाच विचारू द्या, असा अर्ज त्याने केला.

टिल्लू शाळेतून माझ्याकडेच येतो. लोकांना याचं नवल वाटतं. मग कुठे जाईल तो? त्याची आई कामावर असते. आणि खरं सांगायचं, तर त्याच्याकडे बघवत नाही, आणि तो नाही आला तर करमत नाही. त्या दुपारी तो फोमच्या तक्क्यांवर बसून पाय हलवत होता. मी मशीनवर एका भल्या मोठ्या सोफ्याची पाठ शिवत होते.

"आत्या, मला कोर्टात विचारणार आहेत ना?"

"बघू. कोण म्हणालं तुला?"

"आई बोलत होती फोनवर. मी सगळं खरं सांगणार. बाबांनी बजावलं होतं, मी ऐकलं नाही."

मी मशीन थांबवलं. "कधी बजावलं होतं रे?"

तो विचार करू लागला. अगदी प्रामाणिकपणे, भुवया आवळून. "आठवत नाही. पण शंभर वेळा सांगितलं होतं. मी विसरलो. मी वाईट आहे ना, म्हणून विसरलो असेन."

पिस्तूल घेतलं त्या दिवशी धाकटा मला म्हणाला होता, "ताई, पोराच्या कानावर जाऊ देऊ नकोस हं. कळलं तर शोधत बसेल." जबाबातली ती ओळ खोटी आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. घाबरलेला माणूस आपली मान सोडवतो, म्हणून मी ते मनाला लावून घेतलं नव्हतं. पण ते खापर कोणाच्या डोक्यावर फुटतंय, ते आज माझ्या समोर फोमवर बसलं होतं.

मशीनवर कापड टाकून मी त्याला शेजारणीकडे सोडलं आणि तडक दुकानात गेले. भाऊ काच पुसत होता. मी सगळं सांगितलं. त्याचा चेहरा पडला.

"ताई, मी ते शब्द मागे घेतले तर माझं जे व्हायचं ते होईल. पण तुझी केस? कंपनी हात झटकून मोकळी होईल."

"होऊ दे."

"तुझ्या पोरीसाठी लढतेयस तू."

"माझी पोर गेली," मी म्हटलं. "तुझं पोर अजून आहे. तो स्वतःला वाईट म्हणतोय आणि तू काचा पुसतोयस."

तो रडायला लागला. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि दोन थोबाडीत द्याव्याशाही वाटल्या. दोन्हींपैकी काहीच न करता मी घरी आले. तो काय करेल, याची मला खात्री नव्हती.

भाऊ कोर्टात साक्षीला उभा राहिला. कंपनीच्या वकिलाने मधाळ आवाजात विचारलं, "तुम्ही मुलाला अनेकदा बजावलं होतं, बरोबर?"

"नाही," भाऊ म्हणाला. "एकदाही नाही. घरात पिस्तूल आहे, हेच त्याला माहीत नव्हतं. जबाबात मी खोटं लिहून दिलं. कपाटाला कुलूपही नव्हतं."

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. तिकडच्या वकिलाला मात्र लॉटरी लागली. "म्हणजे चूक तुमचीच आहे, हे तुम्ही मान्य करता?"

"माझी आहेच. पण माझ्यासारखा मूर्ख कुठेतरी निघणार, हे तुमच्या कंपनीला ठाऊक होतं. म्हणून तर महागड्या पिस्तुलात तो भाग घातलात."

कोर्टात चुळबुळ झाली. न्यायाधीशांनी ते सगळं लिहून घ्यायला लावलं. आता मुलाला बोलावण्याची गरज उरली नाही, असंही त्यांनी सांगितलं. वकीलबाई मला हळूच म्हणाल्या, "एका उत्तरात अर्धी केस गेली." मी मान हलवली. उरलेली अर्धी मी सोडणार नव्हते. माझ्या भावाची चूक मोठी ठरली म्हणून त्यांची लहान होत नाही.

बाहेर बाकावर टिल्लू आईला चिकटून बसला होता. साक्षीला बोलावतील म्हणून त्याला नवा शर्ट घातला होता. भाऊ त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला.

"राजा, ऐक. मी तुला कधीच बजावलं नव्हतं. एकदासुद्धा नाही. तू काहीच विसरला नाहीस. मी खोटं बोललो."

टिल्लू त्याच्याकडे बघतच राहिला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "आत्या, खरंच?"

"खरंच रे."

मग तो वडलांकडे वळून, जराही न रागावता म्हणाला, "बाबा, तुम्ही सांगितलं असतं ना, तर मी हात लावला नसता."

भाऊ तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत, फतकल मारून खाली बसला. मी त्याला उठवलं नाही.